ओठ हलतात, आवाज नाही

हे माह्या बायकोले माहीत नाही. नरेशले तर नाहीच. तुले सांगून राहिलो, पण मध्ये बोलू नको — एकदा थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही माहं.

आधी सरळ सांगतो, वाकडं मंग येतेच. पवनीत माहा फोटोचा स्टुडिओ आहे, लाखांदूरपर्यंतची लग्नं करतो. उन्हाळ्यात काही पोरंपोरी शिकाले येतात — कमी खर्चात, साध्या कॅमेऱ्यावर फिल्म कशी काढाची. मी सांगतो, शटर पन्नासवर ठेवा, नाही तर ट्यूबलाइट फडफडते चित्रात. थर्माकोलची शीट धरा, खिडकीचा उजेड तोंडावर परतवा. ट्रायपॉड नसंन तर धानाची थैली मांडा, तिच्यावर कॅमेरा बसवा, ढिम्म हालत नाही. खोली घुमत असंन तर मागं गोधडी टांगा. आन् चित्र हाललं तर लोक माफ करतात, आवाज गेला तर नाही करत. हे शेवटचं मी दर उन्हाळ्यात सांगतो. कोणत्या तोंडानं सांगतो? थेच तर सांगाचं आहे तुले.

नरेश माहा शाळेपासूनचा दोस्त. विणकराच्या घरचा. त्याचे बाबा — आम्ही काकाजी म्हणतो — हातमागावर बसत. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडलेले, आन् दिवसभर खटखट. त्या मागाले त्यायनं नरेशले कधी हात लावू दिला नाही. लहानपणी थो जवळ जाऊन बसला का हाकलत, "चाल हट, तुह्या बसचं नाही हे." नरेश मोठा झाला, औषधाच्या दुकानात लागला, लग्न झालं, तरी थे बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही. मले म्हणे, "बाबाले मी नालायकच वाटलो ना गा." पण बापाले विचाराची हिंमत नव्हती. बापलेकात थेवढं बोलणंच नव्हतं.

म्हणून फिल्म. काकाजीवर छोटी फिल्म काढू, नागपूरच्या स्पर्धेत देऊ, असं थो सगळ्यायले सांगे. मले मात्र खरं सांगतलं होतं. "माह्यासमोर नाही बोलत थे. तू विचारजो, मले काहून नाही शिकवलं. मी मंग रेकॉर्डिंगमध्ये ऐकीन." त्या अख्ख्या फिल्ममध्ये त्याले एकच उत्तर पायजे होतं. हे मले माहीत होतं — हे ध्यानात ठेव. माहीत असून केलं मी.

कॅमेरा माहा होता. दुसऱ्याच्या हातचा घेतलेला, पण पहिला. जीव होता माहा त्याच्यावर. त्याच्यासंग आलेली साधी लेन्स, खोलीत जरा अंधार पडला का चित्रात नुसती मुंग्यायची वळवळ. आन् माहे डोळे बी तेव्हाच दगा देऊन राहिले होते. चष्म्याचा नंबर वाढलेला. एका लग्नात अख्खी सप्तपदी फोकसच्या बाहेर काढली मी. नरेश हसला होता. मी बी हसलो. पण आत लागलंच होतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी कॉलरचा माइक नरेशच्या शर्टाले लावून पाहला, रेकॉर्डर त्याच्या खिशात. त्यानं टाळी वाजवली — चित्र आन् आवाज मागून जुळवाले टाळीच कामी येते. तेवढ्यात त्याले फोन आला, थो तसाच मागच्या अंगणात गेला. रेकॉर्डर चालूच राहिला. परत आला तेव्हा मी रेकॉर्डर घेतला आन् हेडफोन लावून तपासाले बसलो. टाळीच्या मागून नरेश फोनवर बोलून राहिला होता.

"थो आता कामाचा नाही राहिला. उजेड कमी झाला का काहीच दिसत नाही त्याले. किती दिवस ओढाचं? हे काम झालं का दुसरा घेतो, नागपूरले पाहून ठेवला. नाही, नाही, पवनीत कोणाले बोलू नको. वाईट वाटंन त्याले."

सांग, तू काय समजला असता?

ज्याच्यासाठी मी हातातली लग्नं सोडली होती, थो माह्या मागं मले मोडीत काढून राहिला होता. केसानं गळा कापणं म्हणतात थे हेच. तोंडावर म्हणाला असता, सुधीर, तुले आता दिसत नाही — तर भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, संध्याकाळी संगच चहा पेलो असतो. पण पाठीमागं? आन् वर माही कीव? मले थे कीव सहन झाली नाही. हेडफोन गळ्यात घातले आन् म्हणालो, "आवाज मस्त आहे."

मंग काकाजीले बसवलं. नरेशनं रेकॉर्डरमध्ये नवे सेल टाकले, थे काम त्याचं होतं. माइक काकाजीच्या बंडीत आतून चिकटवला. टाळी वाजवली. आन् ठरल्यासारखा बाहेर गेला. शेजारच्या घरी माग चालू होता, त्याची खटखट कॅमेऱ्याच्या माइकात भरून राहिली होती. पण काकाजीच्या छातीवरच्या माइकात त्यायचा श्वास बी येत होता. हळू बोलत थे. मी विचारलं, नरेशले काहून नाही शिकवलं, नालायक वाटला का थो. काकाजीनं दोन्ही हात गुडघ्यावर मांडले. मंग बोलले. सगळं बोलले. ऐकणारा मी एकटा.

संपल्यावर थे हात धुवाले गेले. मी रेकॉर्डर हातात घेतला. फाइल पुसाची का, असं थे यंत्र एकदा विचारते. मले विचारलं. मी हो दाबलं. रागात दाबलं म्हणू? राग होता, खरा होता. पण थे विचारणं नीट वाचून दाबलं, हे बी खरं. मनात काय आलं सांगू? मले आंधळा म्हणतो ना — आता तू बहिरा हो.

नरेश घाईघाईनं आत आला. "बोलले का?" मी त्याले सांगतलं, रेकॉर्डर मध्येच बंद पडला, सेल कमजोर निघाले तुहे. माह्या बॅगमधले जुने सेल आधीच टाकून ठेवले होते, थे दाखवले. त्याचं तोंड उतरलं. मंग म्हणाला, "तुह्या तर कानात होतं ना. काय म्हणाले?"

"मागाचंच बोलले," मी म्हणालो. "सूत, रंग, असंच."

थो "बरं" म्हणाला. बस, बरं. त्या एका शब्दात त्यानं स्वतःले नालायक म्हणून घेतलं आन् मी पाहत उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात थो खोकं घेऊन स्टुडिओत आला. आत कॅमेरा, आन् त्याच्यासंग अंधारात बी चालते अशी मोठ्या तोंडाची लेन्स. म्हणे, "थो जुना आता आंधळा झाला गा. आधी सांगतलं नाही, तुहा जीव आहे त्याच्यावर, वाईट वाटलं असतं. नागपूरले बायकोच्या भावाले पाहाले लावलं होतं, त्या दिवशी फोन त्याचाच होता. हा तू चालव."

आमच्या बोलीत माणूस बी थो, कॅमेरा बी थो. मले काहून सुचलं नाही? शाळेपासूनच्या दोस्ताबद्दल वाईटच काहून खरं वाटलं? दगा दिला दिला म्हणून मी आठवडाभर जळलो, आन् दगा देणारा आमच्या दोघात एकच होता, थो मी. तेव्हा सांगता आलं असतं. काकाजी धडधाकट होते. मी खोकं उघडलं, लेन्स पुसली आन् म्हणालो, भारी आहे.

नरेशनं पुन्हा एकदा त्यायले बसवून पाहलं. काकाजी म्हणाले, "एकदा बोललो ना. सांगाचं थे सांगतलं." नरेश समजला, सूत आन् रंग. मंग काकाजीले लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोली गेली. दवाखाने केले, देव केले, बोली आली नाही.

फिल्म झालीच नाही. नरेशकडं थे चित्र तेवढं आहे. कधी कधी मोबाइलवर लावून बसते थो. काकाजीचे ओठ हलतात, वर शेजारच्या मागाची खटखट. थो ओठावरून शब्द ओळखाले पाहते. कोणी विचारलं तर म्हणते, "माह्याच सेलामुळं गेला बाबाचा आवाज." मी बाजूले असतो. ऐकतो. त्यानंच दिलेल्या कॅमेऱ्यावर लग्नं काढतो आन् घर चालवतो.

काकाजी ओट्यावर बसलेले असतात. मी दिसलो का डावा हात उचलतात, माह्याकडं, मंग घरात नरेशकडं. पुन्हा माह्याकडं. नरेशले वाटते, दोस्ताले चहा पाज म्हणून राहिले. थो चहा ठेवाले सांगते. मी पेतो थो चहा.

त्या दिवशी काय म्हणाले होते काकाजी, थे कोणाले सांगतलं नाही. असं म्हणाले होते —

"नालायक कायचा गा. लहानपणी एकदा चोरून मागावर सुताचा धोटा फेकला त्यानं, तेव्हाच समजलं मले, माह्यापेक्षा चांगला हात आहे पोराचा. म्हणूनच हाकललं. गोडी लागली असती तर जन्मभर या खड्ड्यात बसला असता. त्याले वाटते बाप दुष्ट आहे. वाटू दे म्हटलं तेव्हा. आता नाही पाहवत. पण मले बोलता नाही येत त्याच्यासंग. तू सांगजो त्याले."

मी हो म्हणालो होतो.