रत्नाकरनं पास केलेली गाडी

लग्नाआधी पत्रिका जोश्याकडे जाते, तशी आमच्या गल्लीत घ्यायची दुचाकी आधी रत्नाकरकडे जायची. चिकपेटेच्या मागच्या अंगाला आमची मराठ्यांची पंधरा-वीस घरं. इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की बोलण्यात निम्मी कानडी मिसळली, पण चार जणांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही ही खोड काही गेली नाही. रत्नाकर एका सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर होता. त्याच्याकडे स्वतःची म्हणाल तर एक म्हातारी स्कूटर. रोज सकाळी एका अंगावर कलंडवल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही. पण दुसऱ्याच्या गाडीत खोट काढायची असली की याच्याइतका कडक माणूस नाही. तो 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणाला की गाडी घरात आली, आणि त्यानं नाक मुरडलं की घेणाऱ्यानं दुसरं शोरूम शोधायचं.

त्याची परीक्षा साग्रसंगीत असायची. ओळखीच्या डीलरकडून नमुन्याची गाडी एका रविवारपुरती मागून आणायची. सकाळी अ‍ॅव्हेन्यू रोडच्या गर्दीत ती हातगाड्यांच्या मागून रांगवायची, म्हणजे क्लच कसा आहे आणि घेणाऱ्याची मनगटं किती दुखतील, दोन्ही कळतं, असं तो म्हणे. मग हेब्बाळवरून यलहंका, आणि तिथून सरळ देवनहळ्ळी. किल्ल्याजवळ चहा प्यायचा, इंजिनाला हात लावून बघायचं, परत यायचं. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधलेलं असायचं. पूजा न झालेल्या गाडीवर घरच्या बाईनं बसायचं नाही अशी आमच्यातली रीत, आणि नमुन्याच्या गाडीची पूजा कोण करणार? म्हणून बाईच्या जागी पोतं. आम्ही त्याला 'रत्नाकरची दुसरी' म्हणायचो. रत्नाकरच्या घरच्या वहिनीही हसायच्या. निदान ही वाटेत भाजी घ्यायला थांबवत नाही, असं त्याही म्हणायच्या.

त्या वर्षी एका उत्तरेकडच्या कंपनीनं स्वस्तातली क्रूझर काढली. म्हणजे लांबलचक, बसकी, पाय पुढं सोडून आणि हात रुंद पसरून चालवायची मोटरसायकल. असल्या गाड्या तोवर आम्ही कॅलेंडरवर बघितलेल्या. गल्लीनं तिला आरामखुर्ची नाव ठेवलं. रत्नाकरच्या धाकट्या बहिणीचा नवरा आप्पाजी तिच्यावर असा भाळला की जेवताना माहितीपत्रक ताटाशेजारी ठेवायचा. कावेरी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, "स्वल्प सवत आल्यासारखंच झालंय." पण हसत म्हणाली. ती घरी बसून साड्यांच्या दुकानांसाठी ब्लाउज शिवायची. तिच्या हातचं माप चुकत नाही असं पेटेतले व्यापारी सांगायचे. भावाच्या मापावर तिचा तसाच विश्वास. "अण्णा सरी म्हणाला तर घ्या," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली.

रत्नाकरनं गाडी आणली. गर्दीत ती जड पडली, गल्लीच्या कोपऱ्यावर दोनदा पाय टेकवावे लागले, आणि सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाची धग गुडघ्याला लागे. हे त्यानं सगळं सांगितलं. पण देवनहळ्ळीच्या रस्त्यावर ती सुटली, आणि त्यानं मला पुढं कित्येकदा सांगितलं, की आपण पन्नाशीला आलोय हे त्याला तिथं आठवेना. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, अंगावर वारा, पाय पुढं पसरलेले. आयुष्यभर स्कूटरवर गुडघे जुळवून बसलेल्या माणसाला पाय पसरायला मिळाले, याचं सुख तुम्हांआम्हांला कळणार नाही. त्याच्या मनात आलं, ही गाडी आप्पाजीनं घेतली तर महिन्यातून एखादा रविवार आपल्याला मिळेल. मेव्हण्याला नाही कोण म्हणतं?

निघताना एक गोष्ट झाली होती. पोतं मागच्या सीटवर ठेवलं तर ते मागं घसरलं. सीट चिंचोळी आणि मागच्या अंगाला उतरती. रत्नाकरनं ते परत ठेवलं, ते परत घसरलं. मग त्यानं काथ्याच्या दोरीचा आणखी एक फेरा मारला, गाठ आवळली आणि किक मारली. देवनहळ्ळीला जाऊन येईपर्यंत पोतं जागचं हललं नाही. संध्याकाळी आप्पाजी दारात वाट बघत उभा होता. कावेरी त्याच्या मागं. रत्नाकर म्हणाला, "शहरात स्वल्प जड आहे. पण हायवेला राणी आहे. सरी, घ्या."

गाडी आली. एका शुक्रवारी बनशंकरीच्या देवळासमोर पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली. कावेरी आणि सासूबाई रिक्षानं गेल्या होत्या. पूजा झाल्यावर कावेरी पहिल्यांदा त्या गाडीवर बसली, साडीत बायका बसतात तशी एका अंगानं. एका हातात प्रसादाचं ताट. सासूबाई मागून रिक्षात. सिग्नल सुटला, आप्पाजीनं नव्या नवलाईनं अ‍ॅक्सिलरेटर पिळला, आणि कावेरी ताटासकट मागं रस्त्यावर पडली. मागचा रिक्षावाला सासूबाईंचाच होता, त्यानं ब्रेक मारला म्हणून निभावलं. पण उजवं मनगट दोन जागी मोडलं.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वळेना. कात्री धरली की बोटं अर्ध्यातच थांबायची. दुकानांनी थोडं थांबून काम दुसरीकडे दिलं, त्यांना तरी काय दोष द्यायचा. दोष देणारे घरात होते. सासूबाई म्हणायच्या, "पूजेच्या दिवशीच पडली. देवीला हिचं काहीतरी खटकलं असणार." आप्पाजी वाईट माणूस नव्हता, पण तोही म्हणायचा, "दुसऱ्या हातानं धरायला नको होतं का?" आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कावेरीला ते पटलं. येईल-जाईल त्याला तीच आधी सांगायची, मलाच नीट बसता आलं नाही. ती मंगळवारी बनशंकरीला जाऊ लागली. इतर देवळांत लोक राहुकाळ टाळतात, तिथं नेमक्या राहुकाळातच बायका अर्ध्या लिंबांत वाती लावतात. ही बसला लोंबकळत जायची, एका हातानं लिंबू पिळायची, साल उलटी करायची, दिवा लावायची आणि आपली चूक पोटात घाल म्हणून देवीला सांगायची.

ते ऐकून रत्नाकरच्या तोंडचं पाणी पळालं. बहिणीचा हात मोडला याचं दुःख त्याला होतंच. पण ती माफी मागते आहे, हे त्याला सोसवेना. बहिणीकडे जायचा तो, तिच्या हातचं जेवायचा नाही, पोट बिघडलंय म्हणायचा. ती डाव्या हातानं वाढते हे त्याला बघवत नव्हतं. एकदा त्यानं मला पारावर गाठलं आणि पोत्याची गोष्ट सांगितली. मी म्हटलं, मला काय सांगतोस, तिला सांग. तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं सांगू? ती मला देव मानते." मी म्हटलं, "म्हणूनच ती देवळात जाते आहे, गाढवा." मी जरा जास्तच बोललो. पण त्यानं तिला काही सांगितलं नाही. घरापर्यंत जायचा, सासूबाईंची तब्येत विचारायचा आणि परत यायचा.

मग विठोजी आला. आमच्यातलाच, नुकतं लग्न झालेला, मैसूर बँकेजवळ त्याचं चष्म्याचं दुकान. त्यालाही आरामखुर्चीच हवी होती. "तुम्ही पास केलेलीच गाडी आहे रत्नाकरराव, मला फक्त तुमचं सरी पाहिजे," तो म्हणाला. रत्नाकरनं पेट्रोलचं कारण सांगितलं. सुटे भाग मिळत नाहीत म्हणाला. गल्लीत वळत नाही म्हणाला. विठोजी हट्टाला पेटलेला. शेवटी हसून म्हणाला, "कावेरीअक्काच्या पडण्यामुळं भ्यालात होय? त्यांना बसता आलं नाही. माझी बायको नीट बसेल."

रत्नाकर मला म्हणाला, त्या वाक्यासरशी माझ्या कानाखाली कुणी वाजवल्यासारखं झालं. तो तसाच उठला. पंचा नेसलेला, तोही बदलला नाही. विठोजीला हाताला धरून आप्पाजीच्या दारात आला आणि म्हणाला, "आप्पाजी, गाडी काढा. मला मागं बसायचंय."

रविवारची सकाळ, सगळी गल्ली दारात. आप्पाजीनं गाडी सुरू केली. रत्नाकर मागं बसला. नुसता बसला नाही, बायकांसारखा एका अंगानं बसला, दोन्ही पाय एका बाजूला. मग ओट्यावरचं एक ताट मागून घेतलं आणि हातात धरलं. पोरं खिदळायला लागली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आम्हीही हसलो, खोटं कशाला सांगू. पंच्यातली ती पांढरी केसाळ पोटरी बघून कुणालाही हसू आलं असतं. कावेरी उंबऱ्यात उभी होती. ती हसत नव्हती.

"सिग्नल सुटल्यावर काढलीत तशी काढा," रत्नाकर म्हणाला.

"अहो, पडाल," आप्पाजी म्हणाला.

"काढा म्हणतो ना."

आप्पाजीनं काढली. गाडीनं झेप घेतली, रत्नाकर मागं घसरला आणि ताटासकट फरशीवर आदळला. सगळे हसले, आता मोठ्यानं. विठोजी धावला. रत्नाकर कोपर चोळत उठला आणि त्यानं कुणाकडेच बघितलं नाही, बहिणीकडे बघितलं.

"सीट उतरती आहे," तो म्हणाला. "त्यावर कुणीच टिकणार नाही. तुझं काही चुकलं नव्हतं."

कावेरी खाली उतरली. तिनं सीटवर डावा हात ठेवला आणि पुढून मागं फिरवला, कापडाचा तिरपा कट बघावा तसा. "हे तुला आत्ता कळलं?" तिनं विचारलं.

रत्नाकरला हो म्हणता आलं असतं. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं असतं, वर त्याचं कौतुकही केलं असतं. म्हातारपणी बहिणीसाठी रस्त्यावर पडला म्हणून गल्लीनं त्याचं नाव काढलं असतं.

"नाही. पोतं बांधतानाच कळलं होतं. ते घसरत होतं, म्हणून मी दोरी आवळली. मला गाडी आवडली होती, कावेरी. मधूनमधून चालवायला मिळेल असं वाटलं."

हे त्यानं इतक्या हळू सांगितलं की जवळ उभ्या असलेल्या आम्हां चौघांनाच ऐकू आलं. मागं पोरं अजून हसत होती. कावेरीचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं ती आता रडेल, किंवा आत जाऊन दार लावेल. ती वळली ती घराकडे, पण दार लावायला नाही.

"अत्ते," तिनं सासूबाईंना हाक मारली, "बाहेर या. इथं बसा."

सासूबाई काठी टेकत आल्या, ओट्यावर बसल्या. "काय गं?"

"अण्णाला काही सांगायचंय." मग ती भावाकडे वळली. "त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांग. पोत्यापासून सांग."

रत्नाकरनं सांगितलं. पहिल्यांदा त्याचा आवाज दोरीपाशी अडकला. कावेरी म्हणाली, "परत." त्यानं परत सांगितलं, या वेळी गल्लीच्या टोकापर्यंत गेलं, आणि पोरांचं हसणं थांबलं. सासूबाईंनी एकदा सुनेकडे आणि एकदा तिच्या मनगटाकडे बघितलं. आप्पाजीनं गाडी बंद केली.

"परत," कावेरी म्हणाली. आणि तो तिसऱ्यांदा सांगत असताना ती सासूबाईंच्या शेजारी ओट्यावर बसली आणि, हात मोडल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.