ताणावरचा बगीचा

माझ्या नाकावर राग असतो आणि जिभेला हाड नाही, असं माझ्या घरचे पहिल्यापासून म्हणत आले. शाळेत मात्र त्यालाच शिस्त म्हणायचे, म्हणून माझं निभावून गेलं.

रामाकोन्याच्या पुढच्या एका गावात मी पाचवीला शिकवत होते. भाषा, गणित, पर्यावरण, सगळं एकटीच. सौंसरहून स्कूटीने जायचं, धूळ झटकायची आणि फळ्यावर तारीख टाकायची. त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील गावाबाहेरच्या संत्र्याच्या बगीच्यात सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे, घरही तिथेच. त्यामुळे कुठल्याही विषयाचं उत्तर ती बगीच्यातूनच आणायची. अपूर्णांकाच्या धड्यात संत्र्याचं चित्र होतं, त्यात सारख्या आठ फोडी. मी विचारलं, एका संत्र्यात किती फोडी? वर्ग ओरडला, ‘आठ!’ ही उभी राहिली.

‘‘मॅडम, कधी दहा राहते, कधी अकरा. सोलल्याबिगर कसं सांगू?’’

आवडत्या ऋतूवर निबंध लिहायला सांगितला, तर कोणत्या महिन्यात झाडावर कोणती माशी येते तेच तिने दीड पान लिहून आणलं. मला तिचं कौतुक वाटायचं आणि वैतागही यायचा, कारण माझे धडे मागे राहत होते.

सहामाहीच्या आधी मी पर्यावरणाची चाचणी घेतली. झाडाला पाणी न मिळाल्यास काय होते, असा साधा प्रश्न होता. तिने लिहिलं, ‘झाडाला फुले येतात.’ मी लाल फुली मारली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी ते उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘‘उद्यापासून हिला पाणी देऊ नका रे. हिलाही फुलं येतील.’’

वर्ग हसून हसून लोळला. ती म्हणाली, ‘‘मॅडम, आमचा बाबा पाणी तोडते, मंग...’’

‘‘बस खाली. पुस्तक तुझ्या बाबानं लिहिलं का?’’

ती बसली. मी पांढुर्ण्याची, नोकरदाराच्या घरातली. संत्री पोत्याने खाल्लेली, पण झाडाखाली दहा मिनिटं कधी उभी राहिले नव्हते. आणि फुली मारायला माझा हात जराही अडखळला नाही.

त्यानंतर ती सुधारली. माझाच शब्द आहे हा, तिच्या प्रगतिपत्रकावर मी तो लिहिला. उत्तरं पुस्तकातली, ओळीला ओळ जुळणारी. निबंधात वसंत आला, कोकिळा आली, माश्या गेल्या. गुण वाढले आणि मी खूश होते.

पौषात जामसांवलीच्या देवळात दर्शन घेऊन परत येताना रस्त्याकडेचा एक बगीचा पाहिला. झाडांची पानं मलूल होऊन लोंबत होती. बांधावर एक म्हातारे बाबा बसले होते. मी स्कूटी थांबवून विचारलं, ‘‘बाबाजी, मोटर बिघडली का?’’

‘‘नाही बाई. ताण देऊन राहिलो. पाणी तोडलं का झाड दमते. मंग पाणी सोडलं का फुलंच फुलं. पांढुर्ण्यापावेतो सगळे असंच करते.’’

मला तोंड लपवावंसं वाटलं. एवढ्या मुलुखाला ठाऊक असलेली गोष्ट एका दहा वर्षांच्या पोरीने बरोबर लिहिली होती आणि मी तिचं हसं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिला उभं केलं. ‘‘झाडाला पाणी मिळालं नाही तर काय होतं?’’

‘‘झाड वाळते, मॅडम.’’

‘‘तू तेव्हा वेगळं लिहिलं होतंस.’’

‘‘ते चूक होतं, मॅडम.’’

‘‘चूक माझी होती,’’ मी सगळ्यांसमोर म्हणाले. तिची वही मागवून फुली खोडली, बरोबरची खूण केली. ती खुणेकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, ‘‘मंग परीक्षेत काय लिहू?’’

पाचवीचे पेपर बाहेर तपासायला जातात. तिकडच्या माणसाच्या हातात छापील उत्तरं असणार. तिचे गुण गेले तर? मी म्हणाले, ‘‘वाळते, असं लिही.’’ तिने मान हलवली. तिचं खरं असल्याचं सांगायला मी उठले होते, आणि ते लिहू नकोस असं सांगून खाली बसले. आजही त्याची मला लाज वाटते.

फेब्रुवारीत बगीचे फुलले. वास थेट वर्गात आला, पोरं खिडकीशी धावली. मी मुद्दाम तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘‘सांग बरं, हे असं कसं झालं?’’ मला वाटलं, आता तरी बोलेल. पाणी, ताण, तिचा बाबा, सगळं सांगेल. माझा जीव त्यासाठी आसुसला होता.

तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘तुम्ही सांगा मॅडम, मी लिहून घेतो.’’