पडद्यामागून पाहिलेला खुनी

पावसाळा संपला की डहाणूला तंबूतला सिनेमा यायचा. साठ साल उलटून गेलं होतं. मी घरातली थोरली सून, आणि मासे सुकवायचं आमचं खळं माझ्या ताब्यात.

तंबूच्या मधोमध पडदा असे. पुरुष समोर बसायचे, बायका पडद्यामागे. मागून चित्र उलटं दिसतं, पण ते कुणी ध्यानात घेत नसे. नटीचा पदर उजव्या खांद्यावर दिसला की आम्ही म्हणायचो, गुजरातीण आहे.

त्या वर्षी वाटेत पेट्यांची अदलाबदल झाली आणि कुठल्याशा परदेशी सिनेमाची रिळं आली. लोक ओरडू लागले तेव्हा मालक भोंग्यातून म्हणाला, "गायन नथी, पण खून फर्स्ट क्लास छे!"

खरंच होतं ते. राखाडी कोटातला एक देखणा माणूस. बोलणं जवळजवळ नाही. तो परक्याच्या घरात शिरायचा, टेबलाशी बसायचा आणि सफरचंद सोलायचा. साल कुठेही न तुटता खाली उतरत राही. ती टेबलावर पडली की घरचा मालक मेलाच म्हणायचा. रक्त काळं दिसे. सुरी डाव्या हातात. मी पदर तोंडात कोंबला होता, पण डोळे मिटत नव्हते. इतकं नेटकं काम मी कुणाचं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर नेहमीसारख्या सुऱ्या वाटायला बसले. संध्याकाळी मोजून घ्यायच्या, सकाळी हातात द्यायच्या, ही माझी पद्धत. घोळ मासा चिरायला तलासरीकडच्या पाड्यावरचा एकजण त्या हंगामात नवा आला होता. तो डावरा. कोपर लागतं म्हणून ओळीच्या टोकाला बसायचा. त्याने डाव्या हाताने माशाच्या पाठीत सुरी घातली आणि मला राखाडी कोटातला तो माणूस दिसला. शेजारची बाई टोपली घेऊन उठली.

"मी नाय बसायची याच्याजवळ."

"अगो, तो सिनेमा होता."

"मग तू बस."

मी बसले नाही.

दोन दिवसांत तीन बायका यायच्या बंद झाल्या. मीठ लावायला माणूस नाही, मासे वास मारू लागले. सासूबाई म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी त्याचा हिशेब कर नि लाव घरी. एका माणसासाठी खळं बुडवशील काय?" त्याच्या कानावर गेलं असावं. तो मान वर न करता चिरत राहिला. पाड्यावर त्याची बायको पोटुशी होती, हे मला ठाऊक होतं.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "तो खुनी डावरा कुठला? चांगला उजव्या हाताने मारतो. मी समोर बसलो होतो."

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"पाठीमागून पाहिलंस!"

मग माझ्या डोक्यात त्या सगळ्या गुजरातिणी आल्या. तरी खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नवऱ्याबरोबर पुरुषांच्या बाजूला जाऊन बसले. लोक बघत होते. खात्री करायला आले, असं मी म्हणाले. ती साल उतरताना पुन्हा बघायची होती, हे म्हणाले नाही.

सुरी उजव्या हातात होती. मला वाटलं होतं, भीती जाईल. ती वाढली. सुरी डाव्या हातात होती तोवर भीती एका माणसापुरती होती. आता शेजारी नवरा उजव्या हाताने सुपारी कातरत होता.

सकाळी बायकांच्या घरी जाऊन सांगितलं. एक म्हणाली, "मग आता भ्यायचं कुणाला?"

"तुझ्या घोवाला!" दुसरी म्हणाली. हसल्या, आणि टोपल्या घेऊन आल्या. बसल्या मात्र जरा लांबच.

बाजाराचा दिवस होता. सासूबाई पायरीवरून बघत होत्या. डावरा रिकामा उभा होता. त्याची सुरी माझ्याजवळ होती.

"घोळ बरीच आलीय," मी म्हणाले. "टोकाला नको, इथे माझ्या डाव्या अंगाला बस. कोपर लागणार नाही."

त्याने डावा हात पुढे केला. मी सुरी दिली ती मूठ त्याच्याकडे करून. पातं माझ्याकडे राहिलं.