होडी नाहीतर कपाट

हातोडी वर गेली तेव्हा मी गाडीच्या फळीवरून उडी मारली आणि त्या माणसाचा दंड धरला.

"खिळा नको."

"अहो भाऊ, काळी बाहुली बांधाले खिळा लागस," तो म्हणाला. "एवढी देखणी वस्तू शे. नजर लागी जाई."

पारोळ्याच्या अलीकडे आमच्या पिकअपचं चाक पंक्चर झालं होतं. हा पंक्चर काढणारा. पंक्चर काढून झालं, चहा झाला, आणि मग त्याला आमच्यासाठी आणखी काही तरी करावंसं वाटलं. त्याच्या ओठात दुसरा खिळा तयार होता.

"भैया," गाडीतून यूसुफभाई म्हणाले, "तू खिळा ठोक. मग बाहुली राहील, होडी राहणार नाही."

शेवटी बाहुली दोरीला बांधली. तो माणूस नाराज दिसला. दोरीला बांधलेली बाहुली काम करेल याची त्याला खात्री नव्हती.

होडीची जाडी बिस्किटाएवढी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या प्रवासात रस्त्याने आम्हाला काहीच त्रास दिला नाही. धुळे ते जळगाव चौपदरी झालाय, पहाटे पाचला निघालात तर वाहनंही कमी. त्रास दिला तो माणसांच्या प्रेमाने.

ही होडी आम्ही देवपुरात, माझ्या घराच्या हॉलमध्ये बनवली. आम्ही म्हणजे मी आणि यूसुफभाई. मी कॉलेजात मराठी शिकवतो. यूसुफभाई लग्नाचं फर्निचर बनवतात. कयाकचं, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होडीचं, चित्र मी त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ड्रॉवर कोणत्या बाजूला?"

पद्धत थोडक्यात सांगतो, कुणाला बनवायची असेल तर. प्लायवूडचे साचे कापायचे, माशाच्या बरगड्यांसारखे, मधला रुंद आणि टोकांकडे लहान होत गेलेले. ते एका ओळीत उभे करायचे. देवदाराच्या अंगठ्याएवढ्या रुंद पट्ट्या त्यांच्यावर वाकवून एकीला एक चिकटवत जायचं. चिकटेपर्यंत पट्ट्या धरून ठेवायला चिमटे लागतात, ते शेकड्यांनी लागतात. जळगावहून प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे आणले आणि त्यांच्या चकत्या कापल्या. चकतीला एक चीर दिली की चिमटा झाला. शेजारच्या काकू बरेच दिवस समजत होत्या की आम्ही बांगड्यांचा धंदा काढलाय. शेवटी वरून काचेचं कापड आणि ते चिकटवणारं रेझिन. रेझिन धुळ्याच्या मे महिन्यात कालवू नका. आमचं प्लास्टिकच्या मगातच उकळलं, धूर निघाला आणि मगही वितळला. त्यानंतर आम्ही पहाटे काम करायला लागलो.

होडी हॉलपेक्षा लांब निघाली. दोन वर्षं तिचं नाक स्वयंपाकघरात होतं. माझी बायको सुनंदा त्या नाकावर रुमाल वाळत घालायची.

सुनंदा शाळेत गणित शिकवते. तिच्या अटी नेहमी स्पष्ट असतात. या प्रवासाची अट तिच्याच शब्दांत अशी होती: मी स्वतः होडीत बसेन. मी कोरडी परत आले तर ती होडी. नाही आले तर ती मधोमध कापायची, दोन्ही भाग भिंतीला उभे करायचे, आत फळ्या ठोकायच्या आणि तुमची दिवाणावरची पुस्तकं त्यात लावायची.

"आणि साचे?" मी विचारलं होतं. साचे दिवाणाखाली होते. झाडताना रोज तिच्या पायाला लागायचे.

"साचे काहीही झालं तरी भंगारात."

यूसुफभाईंना दोन्ही निकाल चालणार होते. खरं सांगायचं तर कपाटाची कल्पना त्यांना जास्त आवडली होती. कपाट म्हणजे त्यांचं नेहमीचं काम होतं. त्यांनी होडीच्या आत, बरोबर मध्यावर, पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"राहू दे ना सर. मिटवता येते."

रोज सकाळी मी ती रेघ पाहायचो.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात एकच काम राहिलं होतं. होडीचा कणा घासू नये म्हणून खाली पितळी पट्टी लागते. ती घ्यायला मी स्कूटरवर सोनगीरला गेलो. तिथल्या तांबटाने पट्टी सुंदर ठोकून दिली, पण हातात देईना.

"नाव कोणाचं टाकू?"

"नावाची गरज नाही."

"सर, पितळ बिननावाचं घरात नेतं का कोणी?"

मला स्वतःचं नाव टाकायला लाज वाटली. मी सुनंदाचं सांगितलं. त्याने टिंबटिंब करून 'सौ. सुनंदा' असं ठोकलं. पट्टी होडीच्या पोटाखाली बसते, तेव्हा ते नाव फक्त माशांना दिसणार होतं. मी घरी काही बोललो नाही.

तर पारोळ्याहून पुढे. पिकअप भिकनची. तो रावेरकडून धुळ्याला केळी आणतो आणि रिकामा परत जातो, म्हणून डिझेल आणि जेवण एवढ्यावर तयार झाला. गाडीत केळीच्या वाळल्या पानांचा ढीग होता. त्यावर होडी ठेवली. ही कल्पना भिकनची, आणि उत्तम होती. गादीपेक्षा बरी. होडीची शेपटी मागे बरीच बाहेर येत होती, तिला लाल फडकं बांधलं. सुनंदा पुढे बसली. मी आणि यूसुफभाई मागे, होडीच्या दोन बाजूंना, नातेवाईकांसारखे.

एरंडोलला पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरच्या माणसाने होडीवर तळहाताने थाप मारली, टरबूज पाहतात तशी, आणि कान जवळ नेला. मग मागच्या ट्रकवाल्याने मारली. मग एका आजोबांनी.

"आबा, हळू," मी म्हणालो.

"पोकळ शे," आजोबा म्हणाले.

"होडी आहे, आबा."

"कोठे चालनात?"

"तापीवर."

"मंग धुळाले काब्र बनाडी?"

होडी धुळ्यात का बनवली ते मी सांगायला लागलो, तोवर डिझेल भरून झालं होतं.

जळगावात शिरू नका, बाहेरून जा. आम्ही शिरलो, कारण भिकनला एका दुकानात निरोप द्यायचा होता. सिग्नलला आमच्या शेपटीभोवती रिक्षा जमल्या. वॉर्निश नवं, ऊन तिरपं, होडी मधासारखी चमकत होती. एक रिक्षावाला म्हणाला, "सोन्याचं पाणी दिलंय का?" दुसरा म्हणाला, "सराफ बाजारात न्या, वजन करून देतील." यूसुफभाई ताठ बसले. धुळ्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ही आपण बनवली असा भाव होता.

भुसावळ, मग सावदा, मग केळीच्या बागांमधून डांबरी रस्ता. दुतर्फा घड निळ्या पिशव्यांत झाकलेले. सुनंदाची थोरली बहीण, अक्का, तापीकाठच्या गावात राहते. धरणाच्या फुगवट्याचं पाणी तिच्या शेताच्या बांधापर्यंत येतं. हिवाळ्यात ते निवांत असतं आणि वांगीही चांगली असतात, म्हणून आम्ही हा मोसम निवडला. तुम्हीही हाच निवडा. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारा आणि लाइफ जॅकेट घरूनच न्या.

अक्का बांधावर उभी होती. हातात ताट. ताटात हळदकुंकू, चार लिंबं आणि एक नारळ.

मी नारळ पाहिला. यूसुफभाईंनीही पाहिला.

"काय वं सुनंदा," अक्का म्हणाली, "एवढी लांब गाडी अन् चाकं नयी?"

आम्ही होडी उतरवली. काठ ओल्या चिकणमातीचा, पाण्याकडे उतरता. वॉर्निशला ओरखडे नकोत म्हणून खाली केळीची पानं अंथरली आणि त्यावर होडी ठेवली. अक्काने कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग नारळ उचलला आणि होडीच्या नाकाकडे पाहिलं.

यूसुफभाई मध्ये आले. त्यांनी टोपी काढली आणि डोकं पुढे केलं.

"अक्का, माझ्या डोक्यावर फोडा. इथं नको."

"अहो भाऊ, नवी गाडी व्हय. नारळ तर फोडावाच लागतो."

"ही गाडी नाही, अक्का. हा पापड आहे."

बरीच चर्चा झाली. भिकन म्हणाला, त्याच्या गाडीच्या हुकावर फोडू. अक्का म्हणाली, मग पूजा तुझ्या गाडीची होईल. भिकनला ते चाललं असतं. शेवटी काठावरचा एक दगड शोधला, होडीच्या नाकाचा त्याला स्पर्श केला आणि नारळ दगडावर फुटला. यूसुफभाईंनी टोपी परत घातली.

लिंबांकडे माझं लक्षच नव्हतं. लिंबांनी काय होणार?

नव्या गाडीची लिंबं चाकाखाली ठेवतात आणि गाडी त्यांच्यावरून पुढे नेतात. चाकं नव्हती. अक्काने थोडा विचार केला आणि भिकनला होडी जरा उचलायला लावून चारही लिंबं कण्याखाली एका ओळीत सरकवली.

"आता नुसती हलवा," ती म्हणाली. "चिरडली पाहिजेत."

आणि कुणी हलवण्याआधी तिनेच दोन बोटांनी शेपटीला ढकललं.

खाली वाळली पानं, त्यावर कडक हिरवी लिंबं, त्यावर सोनगीरची गुळगुळीत पितळी पट्टी. एकही लिंबू चिरडलं नाही. ती गोट्यांसारखी फिरली. होडी आधी सावकाश निघाली, मग तिने निश्चय केला. पाण्यात शिरताना काडीइतकाही आवाज झाला नाही.

"अगं बाई," अक्का म्हणाली. "चालली."

अक्काला सोडून आम्ही चौघं धावलो आणि पाण्याशी येऊन थांबलो. चौघांपैकी कुणालाच पोहता येत नव्हतं. होडी काठापासून दूर, अगदी सरळ, मान वर करून जात होती. दोन वर्षं मी ती तरंगेल का या काळजीत होतो. ती तरंगत होती आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

"तरंगली," मी सुनंदाला म्हणालो.

"रिकामी," सुनंदा म्हणाली.

अट अटीच्या जागी होती. पण आता होडीच जागेवर नव्हती. अक्का पदर तोंडाला लावून उभी होती. "माझ्या हातानं गेली," ती म्हणत राहिली. यूसुफभाई म्हणाले, "कपाट गेलं, सर."

तेवढ्यात पाण्यात उभ्या असलेल्या बाभळीच्या बुंध्यांमागून एक माणूस आला. ट्रकच्या ट्यूबमध्ये बसलेला. दोन्ही हातांत रबरी चपला घातलेल्या आणि त्यांनी पाणी मारत. त्याच्या मांडीवर जाळं होतं. त्याने होडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, जाळं नीट गुंडाळलं आणि मग वळला. होडीच्या मागे जाऊन डोक्याने तिला ढकलत, चपलांनी वल्हवत तो काठाला आला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या होडीले बिरेक नयी का?"

आम्ही त्याला फोडलेला नारळ दिला. त्याने होडीवर थाप मारली. कुणी अडवलं नाही.

होडी उलटी करून पाणी गेलंय का पाहिलं. थेंबही नव्हता. पण उलटी केल्यावर पितळी पट्टी वर आली. सुनंदा वाकली. तिने वाचलं. मग बोटाने टिंबांवरून पुन्हा एकदा वाचलं.

"म्हणजे हे माझं भांडं आहे तर," ती म्हणाली.

तिने जॅकेट घातलं. ट्यूबवाल्याने होडी धरली. ती बसली, होडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, यूसुफभाईंनी डोळे मिटले. मग होडी स्थिर झाली. तिने वल्हं एका बाजूने मारलं, गोल फिरली, थोडा विचार केला, दुसऱ्या बाजूने मारलं. गणिताच्या माणसाला ते लवकर कळतं. ती सरळ गेली. ट्यूबवाला चपला मारत तिच्या बाजूने गेला, मग मागे पडला.

शेतात भरीत तयार झालं. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आम्ही हाका मारल्या. बुंध्यांवरचे पाणकावळे उडाले, सुनंदा वळली नाही. भरीत निवलं. अक्का म्हणाली, "लहानपणी हिले घंगाळात बसवलं की उठायचीच नयी." पाण्यावर ऊन कलायला लागलं तेव्हा ती परत आली. कोरडी.

यूसुफभाई होडीत वाकले आणि अंगठा ओला करून पेन्सिलीची रेघ पुसली. मग पुढे होऊन त्यांनी पोटभर भरीत खाल्लं.

मग मीही बसलो. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की तिथे पाणी कमरेइतकं होतं.

दुसऱ्या दिवशी परतलो. भिकनच्या गाडीत यावेळी केळी भरलेली होती, होडी घडांच्या वर बांधली. पारोळ्याला तोच पंक्चरवाला रस्त्यावर उभा होता. त्याने बाहुली अजून आहे हे पाहिलं आणि हात वर केला.

या सहलीतून काय उरलं? न चिरडलेली चार लिंबं, ती सुनंदाने आणून लोणच्यात घातली. वॉर्निशवर कुंकवाचा डाग आहे, तो जात नाही. पुस्तकं अजून दिवाणावर आहेत आणि होडीचं नाक परत स्वयंपाकघरात आहे. सगळं होतं तसंच आहे, असं मी त्या रात्री झोपताना स्वतःला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आला. सुनंदाने त्याला फक्त रद्दी दिली. साचे दिवाणाखालून काढून पुसले, एका ओळीत उभे केले, आणि पट्ट्या किती लागतील ते विचारायला यूसुफभाईंना फोन लावला.