मिस्त्रींचा मोठा टर्बो

गॅरेजात सगळे तिला वहिनी म्हणत. नवरा मिस्त्री म्हणून ती वहिनी. तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरही तशीच हाक मारत. लग्नानंतर ती जेवणाचा डबा घेऊन यायची, मग पाने हातात द्यायला थांबायला लागली, आणि पुढे कधी इंजिनाखाली शिरली ते तिलाही सांगता आलं नसतं. जुन्या डिझेल इंजिनांना टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं चाक, बसवून देणं, हे आता दोघांचं काम होतं.

एके काळी मिस्त्रींचा कान भलताच तयार होता. आयुष्यभर उघड्या सायलेन्सरांपाशी उभं राहून तो गेला. ते मात्र कबूल करत नसत. “लोकच हल्ली पुटपुटतात,” म्हणत. त्यामुळे दिवसभर वहिनीला ओरडून बोलावं लागे, आणि घरी पोचल्यावर तोंडातून शब्द काढणंही जिवावर येई.

क्रेनवाला आला तेव्हा ती अशीच दमलेली होती. त्याची क्रेन म्हातारी. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची, पण टेकडीच्या चढावर स्वतःच बंद पडायची. कुणीतरी इंजिनाच्या पंपातून येणारं डिझेल वाढवून दिलं होतं. ताकद काही वाढली नाही, धूर तेवढा वाढला.

“मागून माणसं शिव्या घालतात हो वहिनी,” तो म्हणाला. “चूल पेटवलीय की गाडी चालवतोय तेच कळत नाही!”

मिस्त्रींनी फळीवरचा सगळ्यात मोठा टर्बो खाली काढला. मोडीत गेलेल्या एका अजस्र ट्रकचा होता तो. “हा बसव. हवाच हवा!”

वहिनीने बघितलं मात्र, तिला कळलं. एवढं जड चाक फिरवायला धूर जोरात यायला हवा. हे इंजिन संथ. चढावर आणखीच संथ होणार. चाक जागं होईपर्यंत गाडी थांबलेली असेल. पण हे सांगायचं म्हणजे चार माणसांत नवऱ्यावर ओरडायचं. तिने पाना उचलला आणि मुकाट्याने कामाला लागली.

चाचणीला तिघंही निघाले. मागे आकड्याला एक नादुरुस्त बस टांगलेली. सपाटीवर बरं चाललं. चढ लागला आणि क्रेनचा जीव घुसमटला. काळा धूर आरशात मावेना.

“दाब! अजून दाब!” मिस्त्री ओरडत होते.

क्रेनवाला दाबत होता. इंजिन धापा टाकत खाली खाली आलं आणि बंद पडलं. ब्रेक कुरकुरले, बसच्या वजनाने क्रेन मागे सरकली. वहिनी उडी मारून उतरली, रस्त्याकडेचा दगड दोन्ही हातांनी उचलून तिने मागच्या चाकाखाली सरकवला. गाडी थांबली.

“गिअर चुकला तुझा,” मिस्त्री क्रेनवाल्याला म्हणाले. त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

घरी मिस्त्रींनी ताट पुढे घेतलं आणि तसंच ठेवलं. लेक म्हणाली, “बाबा, जेवा ना.” ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. लेक आत गेल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, “मला टर्बोची शिट्टी ऐकूच आली नाही गं. वाटलं, टर्बो फिरतोय, आपलाच कान दगा देतोय. म्हणून दाब म्हणत राहिलो.”

इतक्या वर्षांत त्यांनी कानाचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. वहिनी त्यांच्या अगदी जवळ सरकून बसली, म्हणजे ओरडावं लागणार नाही.

“वाजतच नव्हता तो,” ती म्हणाली. “मलाही नाही आला ऐकू. मोठा पडला आपल्याला. मी आधीच बोलायला हवं होतं, पण ताकद नव्हती हो.”

“माझ्याशी बोलायला ताकद लागते खरी,” ते म्हणाले, आणि दोघंही थोडं हसले.

दुसऱ्या दिवशी तिने मधल्या आकाराचा टर्बो निवडला, लवकर फिरणारा, आणि जादा दाब सोडून देणारी झडप जोडली. एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप मऊ पडला होता. हवा ओढली की चपटा व्हायचा. तोही बदलला. मग पंपाचं डिझेल कमी करत आणलं. मिस्त्री हवेच्या पाइपवर तळवा ठेवून उभे राहिले. तिने इंजिनाचा वेग वाढवला, की पाइप हाताखाली किती ताठतो ते बोटांनी दाखवत. ओरडणं लागलं नाही.

क्रेन चढ चढून गेली. रमतगमत गेली, पण गेली. क्रेनवाल्याने टेकडीवरून हॉर्न वाजवला.

गॅरेजच्या दारात एक ट्रॅक्टर येऊन उभा होता. त्याच्या ड्रायव्हरने मिस्त्रींना काहीतरी विचारलं. त्यांनी त्याला हाताने वहिनीकडे जायला सांगितलं. तिला वाटलं, आता निदान पाच मिनिटं तरी बसावं. पालथ्या बादलीवर ती टेकली, पाय लांब केले आणि म्हणाली, “बोला, काय होतंय?”