तिकडे कापूस होत नाही

बोलायच्या आधी ते दोन बोटांनी मिशीतला कापसाचा तंतू चिमटून काढायचे, उजेडात धरून बघायचे, फुंकर मारायचे आणि मग म्हणायचे, "तिकडे हे नाही, गुरुजी."

तिकडे म्हणजे लडाखला. आदिलाबादेत माझ्या समोरच्या घरात राहणाऱ्या या गृहस्थांनी सारा जन्म जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करण्यात घालवला आणि शेवटी छातीत खोकला घेऊन ते घरी बसले. मिशीत आता तंतू नसायचाच, पण बोटं जायची. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. काम सुटतं, हाताची सवय सुटत नाही.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. मी म्हटलं, बहिणीकडे बाजारहत्नूरला जाऊन या.

"तिथं बी कापूसच हाय नं," ते म्हणाले. "तलमडुगूले जा, गुडीहत्नूरले जा. कुठं नाही ते सांगा."

ते सांगितलं एका स्वेटर विकणाऱ्या बाईनं. दिवाळीनंतर ही स्वेटरवाली मंडळी बसस्टँडजवळ दुकानं मांडायची. ही बाई लेहकडची होती. यांनी आपल्या हिंदीत विचारलं, "उधर कपास होता क्या?" ती हसली. "कपास? उधर तो घास भी नहीं होती, बाबूजी."

झालं. एक स्वेटर आणि एक निश्चय घेऊन ते घरी आले.

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून सगळी चौकशी माझ्याकडे. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला मी खडूनं रस्ता काढून दिला: नागपूर, दिल्ली, मनाली, लेह. ते दार पुसायचं नाही असा वहिनींना हुकूम होता. घाटातला बर्फ उन्हाळ्यात वितळतो, तेव्हाच रस्ता उघडतो, असंही मी सांगून ठेवलं. आणि एक दिवस वैतागून खरं तेही सांगितलं. तिकडची हवा विरळ. धडधाकट माणसाला दम लागतो आणि तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाताना दोनदा टेकता.

त्यांनी मिशी चिमटली. "कमी असन, गुरुजी. पन चोख असन नं?"

मला राग आला होता. या माणसाचं जाणं काही होणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "बोलू द्या त्यायले, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "लडाखचं बोलले का झोप लागते. नाही तं बसूनच राह्यतेत."

मग मीही बोलू दिलं.

तिकडच्या थंडीच्या तयारीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी स्वेटर बाजूला सारला. "लोकरीवर माहा भरोसा नाही. रजई पायजे." कापसापासून पळून निघालेला माणूस कापसाचीच रजई घेऊन जाणार होता. विकतची मात्र नको. विकतच्या रजईत कुठला कचरा भरतात ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांनी ओळखीच्या जिनिंगमधून चांगली रुई आणवली आणि पिंजाऱ्याला अंगणात बसवलं.

शाळेतून आलो तर ते पिंजाऱ्याच्या अगदी शेजारी बसलेले. नाकावर बांधलेला रुमाल गळ्यात उतरला होता. पिंजलेल्या रुईचा पुंजका घ्यायचा, दोन अंगठ्यांत ओढून धागा किती लांब निघतो ते बघायचं, डोळ्यांशी न्यायचा, फुंकायचा. केस, भुवया, मिशी, सगळं पांढरं झालेलं. जिनिंगमधून घरी यायचे तेव्हा असेच दिसायचे.

"उठा आधी," मी म्हटलं.

"थांबा, गुरुजी. पाहून राह्यलो नं." किती दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

त्या संध्याकाळपासून त्यांना आडवं होता येईना. दवाखान्यात नेलं. नाकातोंडावर ऑक्सिजन लावला तेव्हा जरा रंग परतला. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि मास्क थोडा बाजूला केला.

"तिकडली हवा अशीच असन का?"

मी भूगोलाचा मास्तर. मी म्हणालो, "हो. अशीच."

"चोख हाय," ते म्हणाले. घाटातला बर्फ वितळायच्या आत ते गेले.

पुढच्या दिवाळीनंतर ती स्वेटरवाली बाई पत्ता विचारत घरी आली. बाबूजी लेहला येतो म्हणाले होते, आलेच नाहीत, म्हणाली. वहिनींनी आतून रजई आणली आणि तिच्या हातात दिली. "उनकी है. उधर ले जाओ."

बाईनं वजन अजमावलं. तिचे डोळे भरले, पण तिनं मान हलवली. "इतनी भारी कैसे ले जाऊँ, दीदी? पहले ही गठरियाँ हैं."

वहिनींनी रजई परत घेतली. बाईच्या लोकरी बाहीवर पांढरा तंतू चिकटला होता. वहिनींनी तो दोन बोटांनी चिमटून काढला.

"ये मत ले जाना उधर," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.