नारिंगी शर्टाची कहाणी

रविवारच्या ऑनलाइन मराठी वर्गाचे किस्से माझ्याकडे कपाटात कोंबलेल्या साड्यांसारखे झालेत. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! सगळं सुरू झालं माझ्या नेमातून. चातुर्मासात दर रविवारी कहाणी वाचायची आणि कुणीतरी हातात अक्षता धरून ती ऐकल्याशिवाय जेवायचं नाही, असं मी देवापुढे बोलले होते. मग आला लॉकडाउन! नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आमच्या दारात कोण येणार? शेवटी शेजारच्या जोशींनी मुलांचा वर्ग काढला. स्क्रीनवर मुलं आली आणि मी वेळेवर जेवू लागले.

* * *

झूटरमेरची इरा दहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. तिच्या साताऱ्याच्या आजीला इंग्लिश येत नाही. त्यात येणं-जाणं बंद. फोनवर "हाय आजी, बाय आजी", संपलं. आजी मला म्हणायच्या, "एवढं एक बघा हो. पोर माझ्याशी बोलू दे."

* * *

एका रविवारी इरा नारिंगी शर्टात! जोशी खूश, डच फुटबॉल टीमचा रंग ना! "आज मॅच कुणाशी?"

"नो मॅच, काका. It's for the children."

तिच्या शाळेतल्या मिस कॅनडाहून आलेल्या, त्यांनी सांगितलं होतं. पूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं घरातून नेऊन निवासी शाळांत ठेवायचे. केस कापायचे, घरची भाषा बोललं की शिक्षा. कितीतरी मुलं परत आलीच नाहीत. त्यांच्यासाठी हा नारिंगी शर्ट.

जोशींनी कॅमेरा बंद केला. नेटचा प्रॉब्लेम म्हणाले.

* * *

जोशींचा वर्गातला नियम एकच: इंग्लिश किंवा डच बोललं की म्यूट! पुढच्या रविवारी इराने हात वर केला. "काका, मिसच्या गोष्टीतल्या शाळेत पण असंच करायचे का?"

जोशींनी निमूटपणे सगळ्यांचे माइक उघडले. केवढा गोंगाट! त्या दिवसापासून वर्ग तसाच चालतो.

* * *

वेणीवरून रोज रडणारी इरा एका सकाळी आपणहून आईपुढे बसली. "त्या मुलांची कापली होती. माझी घाल."

* * *

आमच्या ह्यांनी विचारलं, "इरा, तुझ्या मिस सांगतात ते रिकन्सिलिएशन म्हणजे समेटच ना?"

"समेट नंतर, काका. आधी सॉरी, मग ऐकायचं. मिस म्हणते, listening takes longest."

"हे आमच्या ऑफिसात येऊन सांग!" हे म्हणाले.

* * *

मग एका रविवारी इरा म्हणाली, "आज कहाणी मी सांगणार. आजीला बोलवा." आजी मुठीत अक्षता घेऊन स्क्रीनवर आल्या.

"आटपाट नगर होतं, कॅनडात."

"हूं."

"तिथे मुलांना आईपासून नेलं."

"हूं."

"रात्री त्यांना... आजी, घर पाहिजे असतं आणि पोटात दुखतं, ते काय?"

"आठवण, बाळा."

"हां. त्यांना आठवण आली. पण त्यांच्या भाषेत आठवण म्हणायची नव्हती."

हुंकार आला नाही. जोशी पुटपुटले, "आजी म्यूट झाल्या वाटतं." माइक चालू होता.

मग इरा म्हणाली, "आजी, अक्षता खाली ठेवू नको. आधी ही कहाणी कुणालातरी सांग."

तुम्हीही सांगा. आणि समोरचं पोर अडखळलं, तर घाई न करता हूं म्हणत राहा.